कॅसेटमधलं गाणं कॉम्प्युटरवर आणि सीडीवर नेताना

दादाने रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली एक कॅसेट माझ्याकडे आहे. बी बाजूला, दोन गाण्यांच्या मधे, दार लागल्याचा आवाज येतो आणि बाबा विचारतात, "झालं का रे?" एवढंच. बाबांचा आवाज आमच्याकडे आणखी कुठेच नाही. ही कॅसेट पहिल्यांदा कॉम्प्युटरवर घेतली तेव्हा हाताशी होती ती वायर मी प्लेअरमधून माइकच्या सॉकेटमध्ये लावली. खरखर फार वाटली म्हणून सॉफ्टवेअरने ती काढून टाकली. खरखर गेली, गाणीही चालण्याजोगी वाटली. पण बाबांचे ते तीन शब्द पाण्याखालून बोलल्यासारखे झाले होते, आणि मूळ फाइलवरच मी ही साफ केलेली फाइल सेव्ह करून बसलो होतो.

कॅसेट शाबूत होती म्हणून सगळं पुन्हा करता आलं. दुसऱ्या वेळची फाइल इतकी मोकळी आणि स्वच्छ आली की खरखर काढायची फारशी गरजच उरली नाही. सॉफ्टवेअर तेच होतं. बदललं होतं ते त्याच्या आधीचं सगळं: कॅसेट, हेड (फितीवरचं गाणं उचलणारा प्लेअरचा भाग), वायर. "कोणतं सॉफ्टवेअर वापरू?" असं कुणी विचारलं की मी म्हणूनच आधी कॅसेट हातात घ्यायला सांगतो. हा लेखही तिथूनच सुरू होतो.

फितीवर काय असतं

फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी ही छोटी कॅसेट तयार केली आणि 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. आतली फीत म्हणजे प्लास्टिकची 3.81 मिलिमीटर रुंदीची पट्टी आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा थर. साध्या कॅसेटमध्ये हे कण लोखंडाच्या ऑक्साइडचे असतात, म्हणून फीत तपकिरी दिसते. गाणं भरताना रेकॉर्डिंग हेड आवाजाच्या चढउतारानुसार या कणांचं चुंबकत्व बदलत जातं. वाजवताना तीच फीत हेडवरून सरकते आणि त्या बदलत्या चुंबकत्वामुळे हेडच्या तारेत अगदी क्षीण वीज तयार होते. ती वीज वाढवली की गाणं.

आता दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही त्यांच्यावर उभं आहे. फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकते. आणि 3.81 मिलिमीटर रुंदीत चार पट्टे बसवलेले असतात: ए बाजूचा डावा-उजवा आणि बी बाजूचा डावा-उजवा. प्रत्येक पट्टा अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच रुंद. सेकंदाला 10,000 कंपनांचा आवाज घ्या, झांजेच्या किणकिणाटात असतो तसा. त्याची एक लाट फितीवर किती जागा घेते? 4.76 सेंटिमीटर भागिले 10,000, म्हणजे 5 मायक्रॉनपेक्षाही कमी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या जाडीत अशा चौदा लाटा मावतील.

इतक्या बारीक गोष्टीला धुळीचा एक कणही आड येतो. फीत हेडपासून किंचित जरी उचलली गेली तरी बारीक लाटा आधी हरवतात आणि जाड्या, म्हणजे खालच्या सुरातल्या, टिकून राहतात. 'कॅसेट जुनी झाली, आवाज घुमा येतो' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याच वेळा फितीवरचं गाणं धडधाकट असतं. ते उचलणारं हेड मळलेलं असतं, नाहीतर तिरकं बसलेलं असतं.

आधी कॅसेट

हातात घेतल्याबरोबर कॅसेटच्या वरच्या कडेकडे बघा. दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या शाबूत असतील तर तोडून टाका. पट्टी तुटलेली असली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. एक चुकीचं बटण आणि काही सेकंद गाणं कायमचं पुसलं जातं. त्यावर कुठलाही उपाय नाही. कॅसेट तुमच्यासमोर धरली, फीत दिसते ती कड खाली ठेवली, की डावीकडची पट्टी समोरच्या बाजूची असते. पण दोन्ही तोडायच्या आहेत, तेव्हा हिशेब करत बसू नका.

मग खिडकीतून आतली फीत बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट चांगल्या प्लेअरमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडमार्फत पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. ती वेगळ्या पिशवीत बंद करा आणि हे काम करणाऱ्या जाणकाराकडे न्या. बुरशी नसेल आणि फीत नुसती सैल असेल, तर षटकोनी पेन्सिल रिळाच्या दातांमध्ये अडकवून हळूच फिरवा. त्यानंतर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी पडून राहिलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, ताण कुठे कमी कुठे जास्त होतो. एका फेरीत तो बराच सारखा होतो आणि सूर हेलकावे खायचा थांबतो.

सी-90, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 90 मिनिटांची कॅसेट, हिच्यापेक्षा लांब कॅसेट असेल तर फार जपा. सी-60 ची फीत साधारण 18 मायक्रॉन जाड असते, सी-90 ची 12 च्या आसपास आणि सी-120 ची 9. तेवढ्याच डबीत जास्त लांबी बसवायची म्हणजे फीत पातळ करावीच लागते. सी-120 सारखी-सारखी पुढेमागे करू नका. ताणली गेली तर पूर्ववत होत नाही.

माझ्या कॅसेटचं खरं दुखणं मला आत उघडून बघितल्यावर कळलं. ए बाजूचा आवाज सुरुवातीला बरा, मग एकदम दबलेला, परत जरासा उघडा, असा चालला होता. डबीला पाच स्क्रू होते. कॅसेट टेबलावर आडवी, ए बाजू वर ठेवली आणि वरचं झाकण सरळ उचललं. आत दोन रिळं, कोपऱ्यांत दोन लहान चाकं, रिळांच्या वरखाली दोन पातळ, गुळगुळीत कागद. फितीच्या मार्गावर मधोमध धातूची एक छोटी पट्टी स्प्रिंगसारखी बसवलेली असते आणि तिच्यावर फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, बोटाच्या नखाहून लहान चौकोन. फितीला मागून हेडवर टेकवून ठेवायचं काम त्याचं. माझ्या कॅसेटमध्ये पट्टी होती आणि फेल्ट नव्हतं. त्याचा डिंक वाळून तो चौकोन कधीतरी गळून पडला होता आणि डबीच्या कोपऱ्यात सापडला. फीत हेडसमोर अधांतरी धावत होती.

यावर सरळ उपाय म्हणजे नको असलेली, स्क्रूची एक कॅसेट घ्यायची, तिची फीत काढून टाकायची आणि आपली रिळं तशीच उचलून त्या डबीत ठेवायची. फीत दोन्ही चाकांच्या बाहेरून आणि फेल्टच्या पुढून, हेडच्या बाजूने गेली पाहिजे. तपकिरी थराची बाजू बाहेर, हेडकडे असते. थराला बोट लावू नका. काही डब्यांना स्क्रू नसतात, त्या चिकटवलेल्या असतात. त्या पातळ पात्याने शिवणीवर फोडाव्या लागतात आणि मग रिळं दुसऱ्या डबीत न्यावीच लागतात. फीत तुटली असेल तर जोडायला कॅसेटची खास चिकटपट्टी मिळते, तीच वापरा आणि फितीच्या मागच्या बाजूने लावा. घरातल्या साध्या चिकटपट्टीचा डिंक काही महिन्यांनी कडेने बाहेर येतो आणि शेजारच्या वेढ्यांना लागतो.

मग प्लेअर, आणि त्यातला तो एक स्क्रू

शक्य असेल तर कॅसेट डेक मिळवा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचं मोठं यंत्र. कुणाच्या तरी माळ्यावर असतं. बंद असलं तर बरेचदा आतला रबरी पट्टा सैल झालेला किंवा वितळून चिकट झालेला असतो आणि तो बदलता येतो. यूएसबीची वायर थेट कॉम्प्युटरला लावायचे स्वस्त प्लेअर मिळतात. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ते चालून जातील. गाण्यासाठी मी ते सुचवणार नाही, कारण त्यांचा वेग सहसा स्थिर राहत नाही आणि वेग हलला की लांबवलेला प्रत्येक सूर थरथरतो.

दरवेळी सुरू करण्याआधी हेड पुसा. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून हेड पुसायचं, शेजारची धातूची फिरती दांडी पुसायची आणि तिच्यावर दाबलं जाणारं रबरी चाकही. काडी तपकिरी होत राहील तोवर नवी घ्या. रबरी चाक कडक होऊन चकाकत असेल तर तेच यंत्र उद्या तुमची फीत गुंडाळून बाहेर काढणार आहे. ते चाक बदला, किंवा यंत्र बदला. पहिल्यांदा वाजवायला तुमची मोलाची कॅसेट कधीच घालू नका. गेली तरी चालेल अशी एखादी घाला.

आता हेडचा तिरपेपणा. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोठा फरक याने पडतो आणि सर्वांत कमी लोक इथे हात घालतात. हेडच्या मधोमध एक उभी फट असते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक. ती फितीच्या प्रवासाला अगदी काटकोनात असावी लागते. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड जर किंचित तिरकं होतं, तर लाटाही तेवढ्याच तिरक्या उमटल्या. तुमच्या यंत्राचं हेड सरळ असेल तर फटीचं वरचं टोक लाटेच्या माथ्यावर असतं तेव्हा खालचं टोक पायथ्याशी असतं. दोन्ही मिळून शून्य. 5 मायक्रॉनच्या लाटेला एवढं होण्यासाठी किती तिरपेपणा लागतो? अर्धा अंशही पुष्कळ झाला. म्हणून दादाची कॅसेट दादाच्या टेपरेकॉर्डरवर स्वच्छ वाजायची आणि माझ्या चांगल्या डेकवर ब्लँकेट पांघरल्यासारखी.

हेडच्या एका बाजूला, बहुतेक वेळा स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा स्क्रू असतो. त्यावर रंगाचा किंवा लाखेचा ठिपका दिसतो. कॅसेटच्या दाराचं बाहेरचं झाकण काढलं की गाणं चालू असतानाच त्याच्यापर्यंत पोचता येतं. आवाज मोनो करून ऐका, म्हणजे डावा-उजवा एकत्र मिसळून; मोनोत हा दोष जास्त ठळक होतो. चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने स्क्रू अगदी थोडा फिरवा, घड्याळाच्या मिनिटकाट्याने पाच मिनिटांत जावं तेवढा. एका बाजूला आवाज अधिक दबेल, दुसऱ्या बाजूला उघडत जाईल. 'स' आणि 'श' स्पष्ट होतील, तारेवरच्या आघाताला धार येईल. सर्वांत उघडा आवाज लागला की थांबा. मूळची स्थिती आधीच लिहून किंवा फोटो काढून ठेवा आणि काम झाल्यावर कंपनीने भरलेली एखादी चांगली कॅसेट लावून हेड परत जागेवर आणा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा स्क्रू फिरता फिरता गाण्यातली झांज आत आली. तोवर मी समजत होतो, त्या कॅसेटवर झांज नाहीच.

डेकवर दोन खटके आणखी असतात. एक कॅसेटच्या प्रकाराचा: साधी, क्रोम किंवा मेटल. साध्या कॅसेटला 120 मायक्रोसेकंदांची आणि क्रोम-मेटलला 70 मायक्रोसेकंदांची दुरुस्ती, म्हणजे वरच्या सुरांच्या पातळीचा मेळ, लागते. खटका चुकला तर वरच्या पट्टीत 4 ते 5 डेसिबलचा फरक पडतो (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप). बरेच डेक डबीवरच्या खाचा पाहून हे स्वतःच ठरवतात. दुसरा खटका डॉल्बीचा, म्हणजे फितीची सू-सू कमी करण्याच्या पद्धतीचा. डॉल्बी बी भरताना बारीक, हलके आवाज मोठे करून फितीवर उतरवतं आणि वाजवताना तेवढेच खाली आणतं. त्यांच्याबरोबर फितीची सू-सू सुद्धा 10 डेसिबलपर्यंत खाली जाते. डॉल्बीने भरलेली कॅसेट डॉल्बीविना वाजवली तर ती टोचरी वाटते. न भरलेली डॉल्बीने वाजवली तर मरगळलेली वाटते. कॅसेटवर पाठीला पाठ लावलेल्या दोन डींचं चिन्ह छापलं आहे का ते बघा. घरी भरलेल्यांबाबत कानाने ठरवावं लागतं. मात्र हेड आधी जुळवा आणि मगच डॉल्बीचं ठरवा, कारण आवाज दबलेला आला की डॉल्बी तो आणखी दाबतं.

वायर

डेकच्या मागे 'लाइन आउट' लिहिलेली लाल-पांढरी सॉकेटं असतात. तिथून निघून कॉम्प्युटरच्या 'लाइन इन'मध्ये जायचं. डेस्कटॉपवर ते सॉकेट सहसा निळं असतं. गुलाबी सॉकेट माइकचं, तिथे कॅसेट जोडू नका. माइकची वीज फार क्षीण म्हणून तिथे आत जास्तीचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. डेकचा आवाज त्यात गेला की फाटतो, शिवाय पुष्कळदा स्टिरिओचा मोनो होतो. लॅपटॉपवर एकच सॉकेट असतं आणि तेही हेडफोन-माइकचं. अशा वेळी स्टिरिओ लाइन इन असलेलं लहानसं यूएसबी ऑडिओ कार्ड घ्या. पाकिटावर 'लाइन इन' शब्द असल्याची खात्री करा, नुसता 'माइक इन' नको.

डेक नसून साधा प्लेअर असेल तर हेडफोनच्या सॉकेटातून घ्या, आवाज मध्यावर ठेवा आणि बास-ट्रेबल वाढवणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. गाणं थांबल्यावरही सतत हम्म असा आवाज येत असेल तर तो विजेच्या जोडणीतून येतो आहे. डेक आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लावून बघा, लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने जातो.

आता कॉम्प्युटर

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. त्याआधी कॉम्प्युटरचे बाकीचे आवाज, सूचना, झोपी जाण्याची वेळ, सगळं बंद करा. साउंडच्या सेटिंगमध्ये आवाज 'सुधारणाऱ्या' सोयी असतात, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी असते, त्याही बंद करा. नाहीतर गाण्यातली शांत जागा आली की कॉम्प्युटर खरखर वर आणतो.

कॉम्प्युटर आवाजाची लाट सलग साठवत नाही. ठरावीक अंतराने तिची उंची मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. सीडीसाठी सेकंदाला 44,100 वेळा मोजायचं आणि प्रत्येक मोजमाप 16 बिटांत, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर बसवायचं असं ठरलेलं आहे. 44,100 मोजमापांत 22,050 कंपनांपर्यंतचा आवाज मावतो. चांगली कॅसेट 15,000 च्या आसपास दमते. 16 बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजातलं अंतर 96 डेसिबल मिळतं. डॉल्बी नसलेल्या कॅसेटवर ते 50 ते 55 असतं. तेव्हा 96 किंवा 192 किलोहर्ट्झ (सेकंदाला तितकी हजार मोजमापं) वगैरे भानगडीत पडू नका, फायली फुगतील आणि त्यात सू-सूच जास्त येईल. मी 44.1 किलोहर्ट्झ आणि 24 बिट घेतो. 24 एवढ्यासाठी की मग आवाजाची पातळी खाली ठेवायला भीती वाटत नाही.

पातळी खाली ठेवणं फार महत्त्वाचं. फितीवर आवाज जास्त झाला तर तो हळूहळू चिरकतो, कान सहन करतात. कॉम्प्युटरच्या मोजपट्टीला मात्र शून्य डेसिबलवर छत आहे. त्याच्यावरची लाट सपाट कापली जाते आणि कापलेला तुकडा परत येत नाही. कॅसेटमधली सर्वांत जोराची जागा शोधून वाजवा आणि ती उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. मग मागे जा, रेकॉर्डिंग सुरू करा, त्यानंतर कॅसेट सुरू करा आणि एक बाजू सलग घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, आणि ती ऐकत बसण्यात शहाणपण आहे. हेड मधेच मळलं तर तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

बाजू संपली की पहिलं काम: फाइल वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात सेव्ह करा, ज्यांत आवाजातलं काही टाकून दिलं जात नाही, नाव नीट द्या, आणि तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. जे काही करायचं ते प्रतीवर. फ्लॅक फाइल आकाराने साधारण निम्मी होते आणि तिच्यातून मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. एमपीथ्री कानाला फारसं जाणवणार नाही असं बरंच टाकून देते. मोबाइलवर ऐकायला ठीक, पण जपून ठेवायची प्रत ती नव्हे. कॅसेटच्या कव्हरचा, आतल्या कागदाचा आणि त्यावरच्या हस्ताक्षराचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाका.

खरखर काढायची असेल तर ऑडॅसिटीत आधी नमुना द्यावा लागतो: गाणं नाही आणि फितीची सू-सू तेवढी आहे असा अर्धा-एक सेकंद. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीवरचा घेऊ नका, तिथे चुंबकीय थरच नसतो, त्यामुळे सू-सू वेगळी असते. सॉफ्टवेअर तो नमुना पाहून आवाजाच्या प्रत्येक पट्टीत 'याच्याखालचं सगळं खरखर' अशी रेघ ओढतं. विरत जाणारा सूर, गायकाचा श्वास, दूरून आलेलं बोलणं हे सगळं त्या रेघेच्या आसपासच असतं. बाबांचे शब्द त्यातच गेले होते. 6 डेसिबल कमी करून ऐका. 12 च्या पुढे मी कधीच जात नाही. आणि 'फक्त काढून टाकलेला भाग' ऐकवण्याची सोय आहे ती जरूर वापरा. त्यात नुसती सू-सू ऐकू आली पाहिजे. सूर ऐकू आला तर तुम्ही गाणं खरवडताय.

रेकॉर्डिंग मोनो असेल, तर दोन्ही पट्टे मिसळून मोनो केल्यावर खरखर 3 डेसिबलने आपसूक खाली येते, कारण गाणं दोन्हीकडे सारखं असतं आणि खरखर वेगवेगळी. हेड जुळलेलं असलं तरच. हा उपाय गाण्याला कुठेच दुखवत नाही.

सूर चढा किंवा उतरलेला वाटतो? भरताना टेपरेकॉर्डरची बॅटरी उतरलेली असेल तर फीत हळू चालली असणार, आणि आता ती नीट चालवली की गाणं चढ्या सुरात, घाईने येतं. एका टक्क्याचा फरक म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सहावा भाग. 'वेग बदला' हा पर्याय निवडा, ज्यात सूर आणि लय दोन्ही बरोबरीने बदलतात. नेमका आकडा काढायची एक युक्ती मला फार आवडते. विजेवर चालणाऱ्या यंत्राने भरलं असेल तर विजेची हम्म फितीवरही उमटलेली असते, देशानुसार 50 किंवा 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांची. ऑडॅसिटीत शांत जागेचा वर्णपट काढा, म्हणजे कोणत्या कंपनाचा आवाज किती आहे याचा आलेख. 50 च्या जागी 51.5 वर टेकडी दिसली तर फीत 3 टक्के वेगाने वाजते आहे. टेकडी बरोब्बर 50 वर असेल तर आधी ती हम्म तुमच्याच जोडणीतली नाही ना, हे तपासा.

सीडी

एक बाजू म्हणजे एक लांबलचक फाइल. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला खूण टाका, नाव द्या, आणि सगळी गाणी एकदम वेगळ्या फायलींत काढा: 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ. 24 वरून 16 वर येताना 'डिदर' चालू असू द्या. त्याने अगदी हलकी यादृच्छिक खरखर मिसळली जाते आणि विरणारे सूर पायऱ्यापायऱ्यांनी तुटत नाहीत.

सीडी लिहिताना 'ऑडिओ सीडी' निवडा. 'डेटा' निवडलं तर त्या नुसत्या फायली राहतात आणि साधा सीडी प्लेअर त्या वाजवत नाही. ऑडिओ सीडीत 80 मिनिटं मावतात, गाणी 99 पर्यंत. सी-60 एका सीडीवर येते. सी-90 येत नाही. एका बाजूला एक अशा दोन सीडी करा. इथे एक प्रश्न नेहमी येतो: 80 मिनिटांच्या वेव्ह फायली जवळजवळ 847 मेगाबाइट भरतात, सीडीवर तर 700 लिहिलेलं असतं, मग मावणार कसं? सीडीचा प्रत्येक कप्पा 2,352 बाइटचा असतो. डेटासाठी त्यातले 2,048 वापरतात आणि उरलेल्या जागेत चूक दुरुस्तीची जादा माहिती ठेवतात, कारण एका बाइटची चूक झाली तरी फाइल बिघडते. गाण्यात कप्पा पूर्ण वापरतात. म्हणून मावतं. आणि म्हणूनच ओरखडा पडलेल्या ऑडिओ सीडीत गाणं अडखळतं, तिथे त्या जादा दुरुस्तीचं संरक्षण नसतं.

मैफलीचं रेकॉर्डिंग असेल, टाळ्या एका गाण्यातून दुसऱ्यात वाहत असतील, तर 'डिस्क अ‍ॅट वन्स', म्हणजे सगळी सीडी एका दमात लिहिण्याचा पर्याय, निवडा आणि गाण्यांमधलं अंतर शून्य करा. नाहीतर दोन सेकंदांची भिंत मधे उभी राहते. एका सेकंदात असे 75 कप्पे असतात, प्रत्येकात 588 मोजमापं. गाण्याची खूण कप्प्याच्या सीमेवर नसेल तर शेवटचा कप्पा शून्यांनी भरला जातो आणि वाहत्या टाळ्यांमध्ये बारीकशी टक् ऐकू येते. ऑडॅसिटीत वेळेची मोजणी 'सीडीडीए फ्रेम'वर, म्हणजे याच कप्प्यांवर, ठेवून खुणा तिथे चिकटवल्या की हे टळतं.

लिहिलेली सीडी दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर शेवटपर्यंत ऐका. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे चुका बाहेरच्या कडेला, शेवटच्या गाण्यात जास्त सापडतात. तिच्यावर बॉलपेनने लिहू नका. 1.2 मिलिमीटर जाडीच्या चकतीत माहितीचा थर चकाकत्या बाजूला नसून छापील बाजूच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ पदराआड असतो. पेनाचं टोक तिथे पोचतं. पाण्याच्या शाईचं मऊ मार्कर घ्या आणि शक्य तर मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरात असते आणि उन्हाने तो रंग बिघडतो. ऐकायला, कुणाला द्यायला सीडी छान. भरवसा मात्र त्या हात न लावलेल्या फाइलवर आणि तिच्या दोन-तीन ठिकाणच्या प्रतींवर ठेवा. बाजारातल्या कॅसेटींच्या प्रती वाटण्यावर कायद्याची बंधनं असतात, ती तुमच्या देशात काय आहेत ते बघून घ्या.

कॅसेट टाकून देऊ नका. पुढे कुणाकडे अधिक चांगला डेक निघेल, तुमचा हात अधिक बसेल. ती एका टोकापर्यंत पूर्ण वाजवून, मधे न थांबवता, तशीच डबीत घाला. वेगाने गुंडाळलेल्या फितीपेक्षा वाजत वाजत गुंडाळलेली फीत सारख्या ताणाने बसते. स्पीकरपासून दूर, कोरड्या आणि थंड जागी, पुस्तकासारखी उभी ठेवा. माझी आता दुसऱ्या डबीत आहे. जुन्या डबीवरचं दादाच्या अक्षरातलं लेबल वाफेवर सोडवून मी नव्या डबीवर लावलं आणि वरच्या कडेच्या दोन्ही पट्ट्या तोडल्या.